वर दिलेली सायकल

माझ्या दुकानात एक नियम आहे. दुरुस्तीला आलेली सायकल रस्त्याकडे तोंड करून उभी राहते आणि विकायची सायकल भिंतीकडे तोंड करून. देवळ्याकडून येऊन पंचवटीत एका निंबाखाली पंप, पाण्याचं घमेलं आणि पंक्चरचा डबा घेऊन बसलो, तेव्हापासूनचा हा नियम. तेव्हा भिंत नव्हती, निंबाचं खोड होतं. आज पत्र्याचं का होईना, स्वतःचं दुकान आहे आणि भिंतीला चाळीसएक जुन्या सायकली टेकलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की मी मान न वळवता सांगू शकतो, ही विकायची, ती नाही.

हा नियम मी एकदाच मोडला. त्यावरून आमच्या गल्लीत जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि पेपरात जे छापून आलं ते तर सगळंच. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या भागात एक धारवाला चाचा आहे. साठीच्या पुढचा, काटक, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्याची सायकल हेच त्याचं यंत्र. मागचं चाक स्टँडवर उचललं की तो सीटवर बसून पायडल मारतो, चाकावरून गेलेला पट्टा पुढच्या नळीवर बसवलेला दगड फिरवतो, आणि त्या दगडावर तो सुरी, कात्री, विळी, कोयता, जे हातात येईल ते धरतो. त्या सायकलचा स्टँड साधा नाही. चार बोटं रुंद पट्टीचा, त्याच्या बापानं करून घेतलेला.

मे महिन्यात त्या स्टँडचा एक पाय तडकला. बकरी ईद बारा दिवसांवर आली होती. ईदच्या आधीचे ते दिवस म्हणजे धारवाल्याची वर्षाची सुगी. मटणवाल्यांपासून घराघरापर्यंत सगळ्यांच्या सुऱ्या त्या आठवड्यात निघतात. चाचानं दुकानात येऊन दगडाचे नट सैल केले आणि दगड पट्ट्यासकट पिशवीत घातला. तो दगड कुणाच्या दुकानात ठेवत नाही.

"शेठ, लवकर वेल्डिंग मारून दे. ईद डोक्यावर आली."

"उद्या ने चाचा."

"तुझा उद्या मला माहीत आहे. तीन दिन घे, पण पक्का बोल."

"तीन दिवस. पक्का."

तो गेला. स्टँड मोडलेला, सायकल उभी राहीना. मी ती उचलली आणि भिंतीला टेकवून दिली. तोंड भिंतीकडे झालं. माझ्याच हातानं झालं. हे मी कबूल करतो, पुढचं ऐकायच्या आधीच कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मोठी गाडी दुकानासमोर थांबली. आतून एक मॅडम उतरल्या, सुती साडी, गळ्यात मातीचे मणी. मागून एक कलाकार, केसांची शेंडी बांधलेला, पायात फाटक्या दिसाव्यात म्हणून महाग घेतलेल्या चपला. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. विषय सायकल आणि शाश्वत जगणं. त्यांना जुन्या सायकली हव्या होत्या, डझनभर.

"भंगारच आहे ना हे सगळं?" मॅडम म्हणाल्या.

"भंगार पलीकडच्या गल्लीत मिळतं. इथं सायकली मिळतात."

"तसं नाही हो. आम्ही त्यांना नवा अर्थ देणार आहोत."

"अर्थ तुम्ही द्या. भाव मी सांगतो."

भाव ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. कलाकार एकेका सायकलचा गंज बोटानं खरवडून वास घेत होता. मग मॅडमनी आपलं शेवटचं हत्यार काढलं. "तुम्ही देणगी म्हणून द्या ना. आम्ही तुमच्या दुकानाचं नाव दारातल्या बोर्डावर लावू. हजारो लोक वाचतील."

"मॅडम, वाचणाऱ्यातला एकजण तरी सायकल घ्यायला येईल का? येणार असेल तर त्याला आत्ताच पाठवा, थांबतो मी."

मला कलेचं वावडं नाही. वावडं आहे ते फुकट मागणाऱ्यांचं, आणि फुकट मागताना आपण समोरच्यावर उपकार करतोय असा चेहरा करणाऱ्यांचं. तासभर घासाघीस झाली. आवाज चढला, दोनदा मॅडम गाडीपर्यंत जाऊन परत आल्या. हे जाऊन परत येणं मी भाजीबाजारात लहानपणापासून पाहिलंय, त्याला मी भुलत नाही. शेवटी भाव माझाच ठरला. पण मॅडम हातावर हात मारेनात. काहीतरी सुटल्यासारखं त्यांना वाटत होतं.

अशा वेळी आमच्याकडे वर देतात. भाजीवाली जुडी देते आणि वर चार मिरच्या टाकते. मी सायकलवर घंटी देतो, कधी कुलूप. वर दिलेल्या वस्तूचा भाव नसतो, ती कुणी निवडून देत नाही, आणि ती परत तर कुणीच मागत नाही. मागं एका व्यापाऱ्यानं मला जुना माल विकला आणि वर एक दिवा टाकला होता. तो पितळी निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी मागायला आला. मी त्याला भर रस्त्यात सुनावलं होतं, "वर दिलेलं मागायला आलास? लाज घरी ठेवून आलास का?" अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं.

तर त्या दिवशी मी तेच केलं. तेवढ्यात फोन वाजला होता, डोकं तापलेलं होतं, पाठ भिंतीकडे होती. मी म्हणालो, "जा, भिंतीकडच्यातली एक वर घेऊन जा. कुठलीही."

कुठलीही, असं मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढं केला. बारा सायकली विकत, एक भेट. मी सही ठोकली. टेम्पो आला, माल चढला, कलाकार स्वतः उचलत होता. मी फोनवर टायरवाल्याशी भांडत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी चाचा आला.

"शेठ, माझी गाडी किधर?"

मी भिंतीकडे पाहिलं. मग रस्त्याकडच्या सायकलींकडे. मग परत भिंतीकडे.

"चाचा, बस. चहा घे."

"चहा नको. गाडी दाव."

सांगावं लागलं. सांगताना मी सगळा दोष त्या कलाकारावर टाकला. चाचानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू दिलीस की त्यांनी घेतली?"

"त्यांनी उचलली."

"तू उचला बोललास म्हणून उचलली ना?"

मी म्हणालो, दुसरी सायकल देतो, नवी देतो, तसाच स्टँड बनवून देतो. तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "पट्ट्याचा हिसाब, नळीची भोकं, स्टँड, सगळं बनवायला महिना जाईल. ईद महिनाभर थांबते का तुझ्यासाठी? मटणवाले दोन दिवस वाट बघतील. मग मशीनवाल्याकडे जातील, बिजलीच्या. एकदा गेले की गेले."

एवढंच होतं सगळं. नऊ दिवसांत ती सायकल चाचाच्या हातात आली नाही तर त्याची गिऱ्हाईकं गेली, आणि ती माझ्या जिभेमुळे गेली.

मी तसाच हॉलवर गेलो. प्रदर्शन आदल्या संध्याकाळी उघडलं होतं. बाहेर मोटारी लावायला जागा नव्हती. आत एसी असा की घाम जागच्या जागी गार झाला. माझ्या सायकलींचं काय केलं होतं ते काय सांगू! एकीच्या आऱ्यांमधून प्लास्टिकच्या बाटल्या ओवल्या होत्या. एकीच्या सीटवर मातीचा ढीग आणि त्यात कुठून तरी आणून लावलेला उगवलेला गहू. चार सायकली एकमेकींत जोडून झाड केलं होतं, वर वाळलेल्या गवताची घरटी. ज्या सायकलीवर एखादं पोर अजून पाच वर्षं शाळेत गेलं असतं, तिच्या नळीला करवत लावली होती. पृथ्वी वाचवण्यासाठी म्हणे.

आणि मधोमध, चौथऱ्यावर, दिव्याच्या झोतात चाचाची सायकल. सीटपासून पायडलपर्यंत पांढरी रंगवलेली. स्टँड खालच्या लोखंडी पत्र्याला वेल्डिंग करून पक्का केलेला. खाली पाटी: "शहराने टाकून दिलेली. मालक अज्ञात." आणि त्याखाली: "कृपया हात लावू नये."

मला मॅडम दिसल्या. मी शक्य तितक्या खालच्या आवाजात सांगितलं, म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकलं. ही सायकल टाकून दिलेली नाही, मालक अज्ञात नाही, तो पंचवटीत माझ्या दुकानासमोर उभा आहे आणि उपाशी मरायची वाट बघतोय.

"पण ती तर प्रदर्शनाचा केंद्रबिंदू आहे," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी नक्की देऊ."

"पंधरा दिवसांनी ईद होऊन जाईल."

"दुसरी एखादी असती तर दिली असती..." असं म्हणत कलाकार पुढं आला. "ही फॉर्म म्हणून अद्वितीय आहे. हिच्या नळीवरची ही भोकं, हा जाड स्टँड. कशासाठी असतील ते कळत नाही, त्यातच सगळं आहे."

"मला कळतं कशासाठी आहेत. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी एकीच्या बदल्यात तीन सायकली देऊ केल्या. पाच देऊ केल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचा भाव स्वतः पाडत गेलो. मॅडमनी पर्समधून तो कागद काढला. भेट, एक नग, खाली माझी सही. मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच वर दिलीत ना? दिलेली वस्तू परत मागतात का आपल्याकडे?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी वळून दाराकडे निघालो. माझंच वाक्य होतं ते. त्यांनी ते माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतं, तरी माझंच होतं.

बाहेर पडताना दारात एका मुलीनं हातात पत्रक दिलं. फाडून टाकणार होतो. पण छापलेला कागद वाचल्याशिवाय मी फाडत नाही, धंद्यानं लावलेली सवय. त्यात लिहिलं होतं, शनिवारी लोकसहभागाचा दिवस आहे. "फेकू नका, दुरुस्त करा. घरातली जुनी, मोडकी, बोथट झालेली कोणतीही वस्तू घेऊन या. आमच्या सायकलींसोबत तिला नवं आयुष्य द्या. प्रवेश सर्वांना खुला."

मी ते फूटपाथवर उभं राहून तीनदा वाचलं. बोथट. सर्वांना खुला.

चाचाला समजावायला जास्त वेळ लागला. "मी तमाशा करणार नाही," तो म्हणाला. "तू दिलीस, तू आण. मला कशाला नाचवतोस?"

"मी मागायला गेलो तर भीक होते चाचा. तू काम करायला गेलास तर काम होतं."

"आणि पोलीस आले तर?"

"पत्रक दाखवू. त्यांनीच बोलावलंय."

त्यानं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "मटणवाले येतील?"

"मी आणतो."

शुक्रवारभर मी फिरलो. मटणवाल्यांना सांगितलं, लग्नाची कामं करणाऱ्या दोन आचाऱ्यांना सांगितलं, भाजीबाजारातल्या नारळवाल्यांना, गल्लीतल्या शिंप्यांना. बायकोनं पदर खोचला आणि आळीतल्या बायकांना सांगितलं. वर मला ऐकवलंही, "अहो, सायकल घालवताना कुणाला विचारलं नाहीत. आता आणायला अख्खी पंचवटी लागतेय."

शनिवारी सकाळी अकराला चाचा दगडाची पिशवी खांद्यावर घेऊन हॉलमध्ये शिरला. दारातल्या मुलीनं त्याच्या दाढीचं कौतुक केलं. तो सरळ चौथऱ्यावर चढला. नळीच्या भोकांत रंग भरला होता. त्यानं खिशातला पेचकस काढून तो खरवडला, दगड बसवला, पट्टा चढवला, नट आवळले. कलाकार धावत आला.

"काका, हात लावायचा नाही! पाटी वाचा!"

चाचानं पाटी वाचली. सावकाश, बोट ठेवून. "मालक अज्ञात," तो मोठ्यानं म्हणाला. मग सीटवर बसला. "हा बघा, आला मालक."

पहिला नारळवाला कोयता घेऊन पुढं झाला. चाचानं पायडल मारलं. मला कबूल करावं लागेल, त्या कलाकाराचं वेल्डिंग भक्कम होतं. स्टँड बापाच्या काळातही इतका स्थिर उभा राहिला नसेल. दगडानं सूर धरला, ठिणग्या उडाल्या, आणि हॉलमधली माणसं मोबाइल काढून भोवती जमली. मॅडमना आधी आनंदच झाला. "किती उत्स्फूर्त!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या.

मग मटणवाले आले. एकेकाकडे सहा-सहा सुऱ्या, दोन सत्तूर, फडक्यात गुंडाळलेले. दारावरचा वॉचमन आडवा झाला, "हत्यारं आत नाही न्यायची." मी पत्रक त्याच्या नाकासमोर धरलं. "बोथट कोणतीही वस्तू. वाच. ही बोथट आहेत. धार लागली की घेऊन जातील, आत ठेवणार नाहीत." बायका विळ्या घेऊन आल्या, शिंपी कात्र्या घेऊन. ठेवायला जागा नाही म्हणून सुऱ्या गव्हाच्या सीटवर, बाटल्यांच्या सायकलवर, जिथं सपाट दिसेल तिथं मांडल्या गेल्या. दोन आचारी कुणाचा नंबर आधी यावरून भांडायला लागले, दोघांच्याही हातात धार लावलेले सुरे. तेवढ्यात एका उन्हाळी शिबिराची पोरं बाईंबरोबर दारात आली, बाईंनी आत पाहिलं आणि सगळी रांग तशीच उलटी फिरवली.

ठिणग्या आता झाडाकडे जात होत्या. कलाकार ओरडला, "गवत आहे ते! पेटेल!"

"मग गवत हलवा," चाचा म्हणाला, वर न बघता.

मॅडम माझ्याजवळ आल्या. आवाजातला गोडवा संपला होता. "हे थांबवा. लगेच."

"मी कोण थांबवणार? तुमचा लोकसहभाग आहे. लोक आलेत."

"तुम्ही मुद्दाम केलंत हे."

"हो."

त्यांनी दात आवळले. "घेऊन जा ती सायकल. आत्ता. कागद फाडते मी."

इथं दुसरा कुणी असता तर सायकल उचलून पळाला असता. माझा स्वभाव तो नाही. मी म्हणालो, "वर दिलेलं मी परत नेत नाही मॅडम. आपल्याकडे नेत नाहीत. तुम्ही पोहोचवा, त्याच टेम्पोनं. आणि ती पाटी पण पाठवा."

संध्याकाळच्या आत टेम्पो दुकानासमोर आला. कलाकार स्वतः मागं बसला होता, सायकल धरून, पत्र्यासकट. उतरवताना तो म्हणाला, "तुम्ही माझी कलाकृती मारलीत."

"तू चाचाची ईद मारणार होतास. जा."

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. पांढऱ्या सायकलवर चाचा, ठिणग्या, भोवती लोक. खाली लिहिलं होतं, कलाकाराच्या संकल्पनेतून साकारलेला अभिनव उपक्रम. कलाकाराचं नाव होतं, मॅडमचं होतं. चाचाचा उल्लेख "एक वयस्कर कारागीर". माझा तर नाहीच. दोन महिन्यांनी मॅडमचा फोन आला, पुढच्या प्रदर्शनात तसाच कार्यक्रम ठरवता येईल का म्हणून. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण माझा खरा राग त्यांच्यावर नाही. ते परके होते, परक्यासारखे वागले. माझा राग चाचावर आहे. त्याची ईद वाचली, एक गिऱ्हाईक तुटलं नाही. मी त्यासाठी लोकांच्या दारात फिरलो, वर दिलेलं परत आणलं, म्हणजे जे मी कधीच करणार नाही ते केलं. आणि तरीही.

त्या संध्याकाळी टेम्पो गेल्यावर स्टँडखालचा पत्रा कापायचा होता. नुसती पायापुरती पट्टी ठेवून बाकीचा काढला की सायकल पुन्हा रस्त्यावर येणार होती. मी म्हणालो, "ठेवून जा चाचा. सकाळी तयार मिळेल. रंगही काढून देतो."

"रंग राहू दे. पत्रा आत्ता काप. मी थांबतो."

"तासभर लागेल."

"थांबतो."

मी सायकल घेतली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी केली, त्याला दिसेल अशी. त्यानं ते पाहिलं. सीटवर हात ठेवून उभाच राहिला. मी स्टूल पुढं सरकवलं, तो बसला नाही. मशीन लावलं, ठिणग्या त्याच्या पायापर्यंत जात होत्या, तो मागं सरला नाही. गल्लीतले दोघेतिघे बघत होते. वीस वर्षं हा माणूस माझ्याकडे सायकल टाकून नमाजाला गेला, गावाला गेला, एकदा तर आठ दिवस दवाखान्यात होता.

चहा मागवला. त्यानं कप डाव्या हातानं घेतला. उजवा सीटवरून काढला नाही.